गोइंग, गोइंग... गंडले!

नेटवरच्या लिलावात हवा तो व्हिडिओ गेम मिळतो, अगदी लहानपणी हरवलेलासुद्धा! पैसे जातात एका क्लिकवर, परत यायचे तर मात्र नियम पाठ पाहिजेत. साडेतीन हजारांची फी भरून शिकलेले हे फंडे, तुमच्यासाठी फुकट...

सोमवार सकाळ, सात वाजून बावीस मिनिटं. डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलच्या लेडीज डब्यात एका हाताने हँडल पकडून मी मोबाइलकडे टक लावून उभी. शेजारची फोनवर बॉसला 'दादर आलंच' म्हणून बिनधास्त ठोकत होती, आणि तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारची संध्याकाळ होती, सहा बावन्न. ईबेवर माझा लिलाव संपायला चाळीस सेकंद उरलेले. तीस. वीस. आणि नेटवर्क गेलं!

चार महिन्यांपूर्वी असं झालं असतं तर मी तिथेच रडले असते. त्या दिवशी मोबाइल शांतपणे पर्समध्ये टाकला. का? ते पुढे सांगते. त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

गुन्हा कबूल!

२००६ साली दुबईच्या मामाने आमच्यासाठी गेमबॉय अॅडव्हान्स एसपी आणला. सोबत एकच कॅसेट, पोकेमॉन एमरल्ड. तेव्हा डोंबिवलीत लोडशेडिंगचा सुळसुळाट होता. टीव्ही बंद, पंखा बंद, पण एसपीच्या स्क्रीनला स्वतःचा लाइट! अंधारात दोन डोकी एका छोट्या निळ्या उजेडावर वाकलेली, हे आमच्या घरातलं रोजचं दृश्य. नियम आईचा: ज्याचा अभ्यास आधी होईल त्याला अर्धा तास.

या गेमची एक खोड आहे. त्यात सेव्ह एकच राहतो. दोघांना खेळायचं असेल तर दुसऱ्याचा खेळ पुसला जातो. दादा नववीत होता, त्याचे १४० तास झाले होते, शेवटचे चौघे हरवून तो 'हॉल ऑफ फेम'मध्ये पोचला होता. मी चौथीत, मराठी मीडियम. २००७ च्या मे महिन्यातल्या एका दुपारी मी 'न्यू गेम' दाबलं, मजेत खेळले आणि सेव्ह केलं. मध्ये स्क्रीनवर इंग्रजीत लांबलचक काहीतरी आलं होतं. मी ए बटण दाबत गेले. ती सूचना होती, आधीचा खेळ कायमचा जाईल अशी.

दादा ओरडला नाही. त्याने कॅसेट काढली आणि कपाटात ठेवून दिली. २०११ मध्ये आम्ही घर बदललं, त्या सामानात ती कुठे गेली कोणालाच माहीत नाही. मी त्याला सॉरी कधीच म्हटलं नाही. गेल्या वर्षी दादाचं लग्न ठरलं, डिसेंबर २०२५. मी मनात पक्कं केलं, आहेर म्हणून तीच कॅसेट द्यायची. तीच म्हणजे तीच, डुप्लिकेट नको!

पहिला धडा, किंमत साडेतीन हजार

थोडा इतिहास. आपल्याकडे २००० साली सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट २००४ मध्ये ईबेने विकत घेतली. ईबे इंडियावर 'पैसापे' नावाची सोय होती. खरेदीदाराचे पैसे मध्येच थांबवून ठेवायचे आणि मग विकणाऱ्याला द्यायचे. ती भारतीय साइट १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली. म्हणजे आज जुन्या गेमवर ईबेवर बोली लावायची तर अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या साइटवर जायला लागतं. नाहीतर मग आपल्या जुन्या-वस्तूंच्या साइट, हौशी लोकांचे ग्रुप, असं काहीबाही.

मला वाटलं, एवढं सातासमुद्रापार कशाला? एका देशी साइटवर एमरल्ड दिसली. बोली ३,८०० वर. मी चार हजार टाकायच्या बेतात असताना विकणाऱ्याचा मेसेज आला. 'मॅडम, साइटवर नको, कमिशन कापतात. डायरेक्ट घ्या, ३,५०० ला देतो. अजून दोघं मागतायत.' फोटो झक्कास होते. मी यूपीआय केलं.

कॅसेट आली, हे विशेष! दोन तास खेळले, सेव्ह केलं, झोपले. सकाळी चालू केलं तर सेव्ह गायब. दादाचा खेळ मी पुसला आणि माझा खेळ या कॅसेटने. हिशोब चुकता!

विकणाऱ्याने नंबर ब्लॉक केला होता. साइटवाले म्हणाले, पैसे आमच्यामार्फत दिलेले नाहीत, आम्ही काय करणार? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात ना? १९३० या सायबर हेल्पलाइनला मी फोन केला तो नवव्या दिवशी. तिथे तक्रार नोंदली गेली, पण हा नंबर खरा उपयोगी पडतो तो पहिल्या काही तासांत, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. माझे साडेतीन हजार गेले ते गेलेच.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी माझ्या चुका लिहून काढल्या. गंमत म्हणजे त्यातली एकही चूक गेमबद्दलची नव्हती. मी घाई केली होती, साइटच्या बाहेर गेले होते आणि 'अजून दोघं मागतायत' या वाक्याला घाबरले होते. बस्स! फसवणारा हुशार वगैरे काही नव्हता. त्याला फक्त मी उतावीळ असायला हवी होते, आणि मी होते.

असली-नकली

मग मी अभ्यासाला लागले. पोकेमॉनच्या गेमबॉय अॅडव्हान्स कॅसेट या बाजारात सर्वांत जास्त नकली निघणाऱ्या वस्तूंपैकी आहेत. पण असली ओळखता येते. एमरल्डपुरतं सांगायचं तर या गोष्टी बघा:

प्लास्टिक: असली एमरल्डचं कवच हिरवं आणि आरपार दिसणारं असतं. रुबी लाल आरपार, सफायर निळं आरपार. फायररेड आणि लीफग्रीन मात्र आरपार नसतात.

स्टिकर: अमेरिकेतल्या असली कॅसेटवर एजीबी-बीपीईई-यूएसए हा कोड असतो. स्टिकर तिरपा धरला की त्यावर दोन आकडे दाबून उठवलेले दिसतात. छापलेले नव्हे, दाबलेले! माझ्या नकलीवर ते नव्हतेच.

स्क्रू: मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो. साधा चौफुलीचा दिसला तर कोणीतरी उघडलेली आहे किंवा मुळातच नकली आहे.

खालची फट: सोनेरी पट्ट्यांच्या वर हिरव्या बोर्डवर 'निन्टेंडो' असं बारीक छापलेलं दिसतं.

आतली बॅटरी: रुबी, सफायर आणि एमरल्डमध्ये घड्याळासाठी एक छोटी बटण-बॅटरी असते, सीआर १६१६. वीस वर्षांत ती संपतेच. चालू करताना 'आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल' अशी सूचना आली तर घाबरू नका. सेव्ह वेगळ्या चिपमध्ये असतो, तो जात नाही. फक्त घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात, आणि नवी बॅटरी कोणीही बरा कारागीर डाग देऊन बसवून देतो. पण ही सूचना म्हणजे असलीची पावती नाही हं. बॅटरी नसलेल्या नकली कॅसेटही तीच सूचना दाखवतात.

यातली एकच खूण बघून भुलू नका. नकली बनवणारेसुद्धा हेच वाचतात! चार-पाच खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत. त्यासाठी विकणाऱ्याकडे पुढचा, मागचा, खालच्या फटीचा आणि जमलं तर बोर्डचा असे फोटो मागायचे. सोबत आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून काढलेला एक फोटो. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला यात दोन मिनिटं लागतात. टाळाटाळ सुरू झाली की समजायचं, पुढची दुकानं बघा.

तुम्हाला कॅसेट नको, प्लेस्टेशनची डिस्क हवी आहे? मग खालच्या चकचकीत बाजूचा फोटो मागा, ओरखडे तिथे असतात. आणि रिजन बघा. प्लेस्टेशन २ च्या डिस्कना प्रदेशाचं कुलूप असतं. आपल्याकडचे सेट पाल पद्धतीचे, त्यावर अमेरिकन किंवा जपानी डिस्क सरळ चालत नाही. गेमबॉय अॅडव्हान्स, प्लेस्टेशन ४, ५ आणि स्विच यांच्या गेमना असं कुलूप नाही. पण डाउनलोड कोड मात्र बहुतेक वेळा त्या-त्या देशाच्या अकाउंटलाच लागतात. आणि कोणी 'गेमने भरलेलं अकाउंट' विकत असेल तर हात जोडा. मूळ मालक दुसऱ्या दिवशी पासवर्ड परत मिळवतो आणि तुम्ही बाहेर!

शब्द न् शब्द वाचा

२०१३ च्या डिसेंबरातला किस्सा ऐका. इंग्लंडमधल्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ईबेवर ४५० पौंड देऊन नवाकोरा एक्सबॉक्स वन घेतला. पार्सलमध्ये आला एक्सबॉक्सचा फोटो! जाहिरातीत 'फोटो' हा शब्द खरंच लिहिलेला होता. त्याने तो वाचलाही होता. पण जाहिरात कन्सोलच्या विभागात होती, विकणाऱ्याचा फीडबॅक चांगला होता, म्हणून त्याने विश्वास ठेवला. त्याने पैसे साइटच्या नियमात दिले होते, त्यामुळे ते परत मिळाले. माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच.

तेव्हा जाहिरातीची भाषा शिकून घ्या:

लूज: फक्त कॅसेट किंवा डिस्क, बाकी काही नाही.
सीआयबी: खोका, पुस्तिका, सगळं जागच्या जागी.
बॉक्स ओन्ली, केस ओन्ली: नुसता खोका. गेम नाही!
रेप्रो: नकली, फक्त जरा सुसंस्कृत नाव.
अनटेस्टेड: चालवून बघितलेली नाही. वीस वर्षांची कॅसेट चालवून बघायला किती वेळ लागतो? बंद आहे असंच धरून किंमत ठरवा.
फॉर पार्ट्स ऑर नॉट वर्किंग: बंद आहे हे आधीच सांगितलंय. नंतर 'चालत नाही' म्हणून भांडता येणार नाही. जपानी लिलावात यालाच 'जंक' म्हणतात.

वस्तूनंतर विकणारा वाचायचा. ९९ टक्के फीडबॅक बघून खूश होऊ नका, ते कशाचे मिळालेत ते बघा. स्टिकर आणि मोबाइल कव्हर विकून शंभर शाबासक्या गोळा करणारा अचानक कन्सोल विकायला लागला, तर भुवई वर गेली पाहिजे. दोन वर्षं गप्प असलेलं अकाउंट एका रात्रीत वीस महागडे गेम लावतं, तेव्हा ते बहुधा हॅक झालेलं असतं. वाईट शेरे आधी वाचा, आणि त्यावर विकणाऱ्याने काय उत्तर दिलंय तेही. ईबेवर २००८ पासून विकणाऱ्याला खरेदीदारावर उलट वाईट शेरा मारता येत नाही. त्यामुळे लोक पूर्वीपेक्षा मोकळेपणाने लिहितात.

बोलीचं गणित

आता खरी मजा, आणि खरा धोकाही! लिलावात घड्याळ उलटं चालत असतं, समोर एक अदृश्य माणूस असतो आणि तो तुमची वस्तू पळवायला बघतोय असं वाटत राहतं. पहिल्या लिलावात माझी मर्यादा १३५ डॉलर होती. कोणीतरी वर गेलं म्हणून १५१ केले, मग १६३. तो १६५.५० वर गेला आणि मी दात-ओठ खात हरले. पुढच्याच आठवड्यात तशीच कॅसेट १२८ ला गेली. हरले म्हणून वाचले, बॉस! तिसऱ्या वेळी मी हे तीन नियम पाळले.

एक: भाव आधी काढा, जाहिरातीतला नव्हे. लोक मागतात कितीही. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' हा फिल्टर लावला की वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली ते कळतं. जुन्या गेमसाठी प्राइसचार्टिंग ही साइटही बघता येते. बाजारभाव दीडशे आणि कोणी नवीकोरी चाळीसला देतोय? तर तो दानशूर नाही, तुम्ही बकरा आहात.

दोन: मर्यादा कागदावर लिहा, सगळा खर्च धरून. मी एकूण दीडशे डॉलर ठरवले. त्यातून पाच डॉलर टपाल आणि न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर वजा केला (न्यू जर्सी कुठून आली ते सांगते), तर बोलीसाठी उरले १३५ डॉलर आणि वर थोडे सेंट. मी टाकली १३५.३७. हे ३७ सेंट मुद्दाम. बहुतेक लोक गोल आकडा टाकतात, तिथे तेवढ्याने जिंकता येतं.

तीन: बोली एकदाच आणि पूर्ण लावा. ईबेवर तुम्ही तुमचा कमाल आकडा सांगायचा असतो, तो इतरांना दिसत नाही. मशीन तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतं. शंभर ते अडीचशे डॉलरच्या टप्प्यात ही वाढ अडीच डॉलरची असते. म्हणजे जिंकलात तरी तुमचा कमाल आकडा द्यायला लागत नाही, दुसऱ्या नंबरवाल्याच्या वर एक पायरी एवढंच.

मग लोक शेवटच्या सेकंदाला का टपून बसतात? अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ (२०१२ चे नोबेलवाले) आणि अॅक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ मध्ये नेमका हाच अभ्यास छापला होता. तेव्हा अॅमेझॉनही लिलाव चालवायची. तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलाव पुढे वाढायचा. ईबेवर मात्र ठरल्या वेळी बंद म्हणजे बंद. उशिरा टपकणारे ईबेवर जास्त सापडले. कारण सोपं आहे. उशिरा बोली लावली की चढाओढीला वेळच उरत नाही. तुम्हालाही शेवटी टपकायचं असेल तर जरूर टपका, पण आकडा मात्र आदल्या रात्रीचाच हवा. लोकलमध्ये उभं राहून ठरवलेला नको!

आणखी एक. कधी-कधी विकणाऱ्याचाच मित्र भाव चढवत असतो. साइटच्या नियमात हे बसत नाही, पण चालतं. यावरही औषध तोच कागद. आणि हरल्यावर 'पहिला गिऱ्हाइक पळाला, तुम्हीच घ्या' अशी ईमेल आली तर तिच्यातल्या लिंकवर क्लिक करू नका. अशी खरी ऑफर साइटवर लॉगिन केल्यावर तुमच्या मेसेजमध्येसुद्धा दिसते. तिथे नसेल तर ईमेल खोटी.

पैसे: दारातूनच आत-बाहेर

सगळ्या फंड्यांचा बाप हा: बोली ज्या साइटवर, बोलणं त्याच साइटवर आणि पैसेही तिथूनच. ईबेची 'मनी बॅक गॅरंटी' वस्तू आलीच नाही किंवा वर्णनाप्रमाणे नसली तर लागू होते. 'नो रिटर्न्स' लिहिणाऱ्या विकणाऱ्यालाही ती चुकत नाही. मुदत साधारण तीस दिवसांची असते. पण तुम्ही साइटबाहेर पैसे दिलेत की ही गॅरंटी संपली. डिस्काउंटच्या नावाखाली तो माणूस तुमची गॅरंटीच काढून घेत असतो.

पैसे देताना क्रेडिट कार्ड बरं. गडबड झाली तर बँकेकडे व्यवहार नाकारून दाद मागता येते. नव्या कार्डवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. अॅपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा लावा आणि काम झालं की पुन्हा बंद. फॉरेक्स मार्कअप म्हणून बँक दोन ते साडेतीन टक्के घेते, तेही कागदावरच्या हिशोबात धरा.

देशातल्या देशात घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. 'क्यूआर स्कॅन करा, पैसे परत येतील' म्हणणारा चोर आहे. एकमेकांना पैशांची मागणी पाठवायची यूपीआयची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआरवाले अजून आहेतच. शक्य असेल तर समोरासमोर भेटा, सोबत गेमबॉय किंवा कन्सोल न्या, चालवून बघा आणि मगच पैसे द्या.

एडिसनची ताई

आता न्यू जर्सी. परदेशातून थेट मागवलं तर कस्टम ड्यूटी लागू शकते, कुरिअरवाले ओळखपत्राचे कागद मागतात. आणि 'वर गिफ्ट लिही' असं सांगायच्या भानगडीत पडू नका. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तूंची जुनी सवलत संपली आहे, राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून. खोटी किंमत लिहिणं तर सरळ गुन्हाच, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच खोट्या किंमतीची.

माझी मावसबहीण एडिसनला राहते आणि लग्नाला येणारच होती. पत्ता तिचा दिला. पण इथे एक गोम आहे. वस्तू पहिल्या पत्त्यावर पोचली आणि तिथून पुढे दुसरीकडे पाठवली की ईबेची गॅरंटी लागू राहत नाही. म्हणजे तपासणी तिथल्या तिथेच व्हायला हवी, तीस दिवसांच्या आत. मी ताईला यादी पाठवली. तिने व्हिडिओ कॉलवर एकेक खूण दाखवली. आरपार हिरवं कवच, दाबलेले आकडे, तीन पाकळ्यांचा स्क्रू, 'निन्टेंडो'. ताईचे यजमान मागून म्हणाले, 'हिरे घेताय की काय?' पाकीट उघडतानाचा व्हिडिओही काढून ठेवायला सांगितला होता. वाद झाला तर तोच पुरावा!

हो, जिंकले होते मी. दादरला उतरल्यावर बघितलं तर १२७ डॉलर ५० सेंटला कॅसेट माझी. टपाल, कर धरून १४१.२८, रुपयात जवळजवळ तेरा हजार. नेटवर्क गेलं तरी माझी बोली तिथे बसलेली होती, आदल्या रात्री डोकं थंड असताना लावलेली. हरले असते तरी चाललं असतं. अशा कॅसेट दर आठवड्याला येतात, हे एव्हाना कळलं होतं.

बोली लावण्याआधी, पटकन!

- विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघितले?
- जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचली?
- फोटो याच वस्तूचे आहेत? तारखेचा कागद मागितला?
- वाईट शेरे वाचले?
- टपाल, कर, ड्यूटी, मार्कअप धरून मर्यादा लिहिली?
- पैसे साइटमधूनच जातायत?
- तक्रारीची मुदत कॅलेंडरमध्ये टाकली?
- गडबड वाटली तर त्याच तासाला १९३०, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन.

आणि दादा?

हळदीच्या रात्री, पाहुणे झोपल्यावर, मी त्याला गच्चीत बोलावलं. जुना एसपी मी दुरुस्त करून घेतला होता. कॅसेट बघून तो काही बोललाच नाही. चालू केली. बॅटरीची सूचना आली, अपेक्षेप्रमाणे. मग मेनू आला आणि आम्ही दोघंही थबकलो. आत कोणाचा तरी सेव्ह होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा पोराचं नाव, आठही बॅज आणि २१२ तास.

माझ्या यादीत हे कुठेच नव्हतं. दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मी म्हटलं, 'दादा, ते २००७ चं... सॉरी.' तो हसायला लागला. एसपी माझ्या हातात देत म्हणाला, 'न्यू गेम तूच दाब. तुला प्रॅक्टिस आहे!'

मी दाबलं. थोडं खेळलो, सेव्हला गेलो आणि तीच लांबलचक इंग्रजी सूचना आली. या वेळी मी ती शेवटपर्यंत वाचली आणि दादाकडे बघितलं. त्याने हात पुढे करून एसपी बंद केला. 'राहू दे पोराचं आजच्या दिवस,' तो म्हणाला. 'लग्न होऊ दे, मग बघू.'

लग्न होऊन महिने झाले. परवा वहिनीला विचारलं. कॅसेट त्यांच्या कपाटात आहे, आणि २१२ तास अजून जसेच्या तसे.